गरी टाकायची तर रोहूवर की मरळीवर?

भंडारा-गोंदियाकडच्या एखाद्या मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाळीवर पहिल्यांदाच गरी घेऊन बसणार असाल, तर मासा आधी ठरवा. रोहू आणि मरळ एकाच पाण्यात राहतात, पण एकीची तयारी दुसऱ्याला चालत नाही.

रोहू हा पेरलेला मासा. तो वाहत्या पाण्यात अंडी घालतो, साचलेल्या तलावात नाही. म्हणून त्याची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिलं, बाहेरून आणून सोडावी लागते. १९५७ साली ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी पीयूष ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन अशा माशांचं प्रजनन घडवलं. त्याआधी हे मत्स्यबीज मुख्यतः नदीतून गोळा करावं लागे. आजही मच्छीमारांची सोसायटी बीज पैसे मोजून आणते, तेव्हा न विचारता रोहू काढणं म्हणजे दुसऱ्याच्या बांधीतलं धान कापणं. परवानगी मरळीसाठीही घ्यायचीच, कारण तलाव त्यांच्याकडे ठेक्यानं असतो.

रोहूच्या जबड्यात दात नसतात, तो चोखून खातो. गरी बारीक हवी, तिला कणकेत ढेप (पेंड) मळून केलेली गोळी, आणि दोऱ्याला तरंगायला सनकाडीचा तुकडा. आदल्या संध्याकाळी त्याच जागी कोंडा टाकून ठेवा. सनकाडी आधी नुसती थरथरते. तेव्हा झटका दिला की गोळी गेलीच समजा. ती सरकू लागली की मग उचला. थंडीत मासा मंदावतो, तासन्‌तास काही हलत नाही.

मरळ शिकारी. बेशरमाच्या झुडपांच्या कडेला दबा धरून असते आणि हवा घ्यायला वर येते. पाणी आटलेल्या मे महिन्यात, पहाटे, तेव्हा पाण्यावर उठणारं वर्तुळ स्पष्ट दिसतं. हिमाचल-काश्मीरच्या थंड पाण्यात ट्राउटवर पिसांची खोटी माशी फेकतात. तो मासा आपल्या उन्हाळ्यात जगणार नाही, पण खोट्या आमिषानं भुलवायची ती विद्या इथे मरळीवर चालते. रबरी बेडूक वर्तुळाच्या थोडा पुढे टाकून हळूहळू ओढा. जिवंत बेडूक पकडू नका, धानाला त्यांची गरज आहे. दोरा मजबूत हवा, नाहीतर मरळ मुळांत शिरून तोडते.

खायला मरळ सरस. बारीक काटे नसल्यानं लेकरांच्या ताटातही निर्धास्त वाढता येते, रोहूचे काटे मात्र निवडत बसावे लागतात. माझा जीव मरळीवर, तरी नवख्याला मी पहिलं वर्ष रोहूच सांगेन. सनकाडी वाचता आली की हात आपोआप थांबायला शिकतो.

पावसाळ्यात मात्र निवड उरत नाही. तेव्हा मरळीच्या पिलांचा तांबूस पुंजका पाण्यावर फिरतो आणि खाली राखणीला मोठी मरळ असते. जवळ येईल त्यावर ती तुटून पडते, त्यामुळे ती सहज सापडते. ती गेली की इतर मासे सगळी पिलं खाऊन टाकतात. असा पुंजका दिसला तर त्या कोपऱ्यातून गरी उचला आणि कोंडा टाकलेल्या जागेवर येऊन बसा.