चौथं गाणं करडं का? दोन म्युझिक ॲप आठ महिने वापरल्यावर

आठ महिने दोन म्युझिक ॲप पैसे भरून शेजारी शेजारी वापरली. या महिन्यात त्यातलं एक बंद केलं. नावं देत नाही, कारण तुमचं खातं दुसऱ्या देशातलं असेल तर निकाल नेमका उलटा लागू शकतो.

पहिलं ॲप घेतलं ते 'दहा कोटी गाणी' वाचून. माझा एक आवडता अल्बम आहे, जाझच्या मैफलीचं रेकॉर्डिंग. तिसऱ्या गाण्यानंतर टाळ्या ओसरतात, पियानोवादक माइकवर पुढच्या गाण्याचं नाव सांगतो. ॲपवर नाव सांगून झालं की थेट पाचवं सुरू! यादीत चौथ्याची ओळ करडी, दाबलं की 'तुमच्या प्रदेशात उपलब्ध नाही'. आधी नेटचा घोळ वाटला. ॲप काढून पुन्हा टाकलं, तरी तेच. खूप चिडचिड झाली.

मग थोडं खोदलं. एका गाण्यावर दोन हक्क असतात: रेकॉर्डिंगचा, जो बहुधा लेबलकडे, म्हणजे रेकॉर्ड कंपनीकडे असतो, आणि चाल-शब्दांचा, जो संगीतकार, गीतकार किंवा त्यांच्या प्रकाशकाकडे. दोन्हींचे परवाने अनेकदा देशागणिक वेगळे आणि ठरावीक मुदतीचे. एक परवाना संपला तरी गाणं गेलं. म्हणून काल वाजणारं आज करडं दिसतं, आणि डाउनलोड करून ठेवलेलंही हातचं जातं. स्पॉटिफायवर तर डाउनलोड टिकवायला 30 दिवसांतून एकदा नेटला जोडावंच लागतं.

व्हीपीएन, म्हणजे आपण दुसऱ्या देशातून नेट वापरतोय असं भासवणारी सोय, सुचवणारे पुष्कळ भेटले. मी त्या वाटेला गेले नाही. स्पॉटिफाय काय, ॲपल म्युझिक काय, कोणती गाणी दिसणार हे खात्याच्या देशावर ठरतं, आणि तो देश पैसे भरण्याच्या साधनाशी बांधलेला. शिवाय अशी पळवाट अटींत बसत नाही, खातं बंद पडलं तर सगळ्या याद्या जातात. काही सेवा तर मुळातच एका देशापुरत्या, पँडोरा आज फक्त अमेरिकेत चालते.

एक युक्ती मात्र खरंच कामाला आली. करडं गाणं अल्बममध्ये न शोधता नुसत्या नावाने शोधायचं. पहिल्या ॲपवर माझं चौथं गाणं दुसऱ्या लेबलच्या एका संकलनात सापडलं. तेच रेकॉर्डिंग, फक्त सुरुवातीच्या टाळ्या कापलेल्या.

शेवटी निवड केली ती माझ्याच यादीवरून. रोजच्या ऐकण्यातली 212 गाणी दोन्हीकडे टाकून पाहिली. पहिल्यावर 31 करडी, दुसऱ्यावर 9. दुसऱ्याचा शोध गचाळ आहे, एक अक्षर चुकलं की काही सापडत नाही, आणि सुचवलेली गाणी तीच ती. तरी तेच ठेवलं. आवाजाच्या दर्जावर मी फार वेळ घालवला नाही, ब्लूटूथ हेडफोनवर मला फरक ऐकू आला नाही. तुम्हीही फुकट चाचणीचा महिना आपली यादी तपासण्यातच घालवा, आणि जुनं ॲप सोडण्याआधी याद्या दुसरीकडे उतरवून घ्या. माझी एक यादी तशीच राहून गेली, त्याची हळहळ अजून आहे.

दुसऱ्या ॲपवरही चौथं गाणं त्या 9 करड्यांतच निघालं. त्या अल्बमची जुनी सीडी मिळवली, फाइल काढून फोनवर टाकली. आता पियानोवादक नाव सांगतो आणि तेच गाणं सुरू होतं.