ऑगमेंटेड आर्पेजिओचे आठ महिने: हात लवकर बसला, कान उशिरा

गेले आठ महिने बेळगावातल्या शहापूरच्या घरी मी चार तारांच्या बास गिटारवर रोज अर्धा तास केवळ ऑगमेंटेड आर्पेजिओ, म्हणजे ऑगमेंटेड त्रिस्वराचे (तीन स्वरांच्या संचाचे) स्वर एकामागोमाग, वाजवत आहे. मूळ स्वर, चार अर्धस्वरांवर (पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांतले अंतर म्हणजे एक अर्धस्वर) शुद्ध गंधार, आणखी चार अर्धस्वरांवर कोमल धैवत, एवढीच त्याची रचना. पुन्हा चार अर्धस्वर चढले की वरचा षड्ज येतो.

बासच्या शेजारशेजारच्या तारा पाच अर्धस्वरांच्या अंतराने लावलेल्या असल्यामुळे पुढच्या तारेवर एक फ्रेट (दांडीवरची आडवी पट्टी, एका अर्धस्वराची) मागे आले की नेमके चार अर्धस्वर होतात. म्हणून ई तारेच्या आठव्या फ्रेटवर करंगळी, ए तारेच्या सातव्यावर अनामिका, डी तारेच्या सहाव्यावर मधले बोट आणि जी तारेच्या पाचव्यावर तर्जनी ठेवली की पंजा जागचा न हलवता सी, ई, जी-शार्प आणि वरचा सी (म्हणजे सा, ग, कोमल ध आणि वरचा सा) मिळतात. ही तिरकी रेघ मला आठवडाभरात जमली आणि सगळे जमले या भ्रमात पुढचे दोन महिने वाया गेले.

कारण तिन्ही अंतरे सारखीच असल्याने कोणताही स्वर षड्ज वाटू लागतो. बारा नावांचे हे आर्पेजिओ प्रत्यक्षात चारच आहेत. माझ्या कानाला घर सापडेना. शेजारचे भजनी मंडळातले पेटीवादक काका एकदा दारातूनच म्हणाले, ‘संध्याकाळी भैरव वाजवालायस काय रे?’ भैरव सकाळचा राग, त्यामुळे चेष्टेत म्हणाले खरे, पण सा, ग आणि कोमल ध हे तिन्ही स्वर भैरवात आहेतच. त्या दिवसापासून पांढरी एकचा (सी हा षड्ज असलेला) तंबोरा लावून, प्रत्येक स्वर आधी गाऊन मगच वाजवू लागलो. तंबोऱ्याशी नैसर्गिक जुळणाऱ्या गंधारापेक्षा फ्रेटवरचा गंधार सुमारे 14 सेंट, म्हणजे अर्धस्वराच्या सातव्या भागाइतका, चढा असतो. तो प्रथम खटकतो, मग सवयीचा होतो.

खरा फायदा मात्र आर्पेजिओ सोडवायला, म्हणजे त्याचा ताण उतरवून स्थिर त्रिस्वरावर न्यायला, शिकल्यावर झाला. सी, ई, जी-शार्पमधला एकच स्वर एका अर्धस्वराने उतरवला की मेजर आणि चढवला की मायनर त्रिस्वर तयार होतो: जी-शार्पचा जी केला तर सी मेजर, ए केला तर ए मायनर. ई आणि जी-शार्प दोन्ही चढवले तर एफ मेजर मिळतो, आणि वाद्यवृंदात गाणे सी वरून एफ वर जाताना मी हीच वाट वापरतो. इंटरनेटवर मी पाहिलेल्या बहुतेक धड्यांत बोटांचा आकार शिकवून थांबतात. हा भाग मला पेटीवर बोटे फिरवून स्वतःच शोधावा लागला.

तक्रारी दोन आहेत. खालच्या फ्रेटवर आधीची तार वाजत राहिली तर नुसती घरघर ऐकू येते, त्यामुळे बोट सैल करून तारेचा आवाज वेळेवर बंद करण्याचा सराव वेगळा करावा लागतो. दुसरे, दोन सप्तके हवी असतील तर जी तारेवर पाचव्यावरून नवव्या, तेराव्या आणि सतराव्या फ्रेटवर उड्या माराव्या लागतात. मेट्रोनोम (लय मोजणारे यंत्र) मिनिटाला 90 ठोक्यांच्या पुढे गेला की माझा तेरावा फ्रेट अजून चुकतो, म्हणून कार्यक्रमात तूर्त एकाच सप्तकात वाजवतो.