कॅम्पिंगचं ‘व्हीगन, ग्लूटेन-फ्री’ जेवण आणि माझे १८,०१५ रुपये

१८,०१५ रुपये. आकडा पूर्ण लिहिते, कारण तो इतक्या टेबलांपुढे उभं राहून सांगितलाय की आता झोपेतून उठवलं तरी सांगेन. आगाऊ ७,१५०. ‘वेगळ्या भांड्यांचं डिपॉझिट, परत मिळेल’ म्हणून ३,०००. जीएसटीचे ७१५, ज्याचं बिल आजतागायत आलेलं नाही. आणि ‘गाडी निघतेय ताई, बाकी क्लिअर करा’ म्हणून पुन्हा ७,१५०. हे टप्प्याटप्प्याने उकळणं सगळ्यांना माहीत आहे, मलाही होतं. केवायसीवाल्यांचे फोन मी दोन वाक्यांत वाटेला लावते. पण इन्स्टाग्रामवर जेवण विकणाऱ्या या माणसाने जेवण खरोखर पाठवलं, आणि तिथंच सगळा घोळ झाला.

डिसेंबरात सातारा जिल्ह्यातल्या बामणोलीला शिवसागर जलाशयाच्या काठावर तंबूत दोन दिवस राहायचं ठरलं होतं. आम्ही अकरा जण. पुण्याच्या भाचीला सिलियाक आहे, म्हणजे ग्लूटेन हे काही धान्यांतलं प्रथिन तिला चालत नाही. गहू, जव, राय (मोहरी नव्हे, गव्हासारखं धान्य), यातलं चिमूटभरही पोटात गेलं तर तिच्या आतड्याला इजा होते, आणि यावर औषध नाही, जन्मभराचं पथ्य हाच उपाय. नणंदेचा मुलगा व्हीगन, म्हणजे दूध, तूप, दही तर नाहीच, मधही नाही. (साताऱ्यात येऊन कंदी पेढ्याला नाही म्हणणारा पाहुणा आमच्या घराने पहिल्यांदाच पाहिला.) माझी नोकरी, सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. अशा वेळी इन्स्टाग्रामवर ‘शंभर टक्के व्हीगन, शंभर टक्के ग्लूटेन-फ्री, कास-बामणोली पोहोच, माणशी दिवसाला ६५०’ असं दिसल्यावर कोण फोन करणार नाही? नंतर मला शहाणपण शिकवणाऱ्यांपैकी एकानेही अकरा जणांचा स्वयंपाक करून द्यायची तयारी तेव्हा दाखवली नव्हती.

मी चौकशी केली नाही असंही नाही. मेनूत ‘दलिया उपमा’ दिसला तेव्हा लगेच विचारलं. ‘ताई, आमचा दलिया ज्वारीचा असतो.’ आता ज्वारीचा दलिया खरंच मिळतो. शेवयांच्या खिरीबद्दल विचारलं. ‘तांदळाच्या शेवया, नारळाचं दूध.’ हेही होऊ शकतं. उत्तरं तयार होती, आणि आपण विचारतो ते समोरच्याला समजतंय असं वाटत होतं.

आणि मग तो प्रश्न. बाकीचे पैसे पाठवायच्या आधीचा फोन. सगळं ठरल्यावर तो सहज म्हणाला, ‘ताई, गहू नको हे समजलं, पण मैदा चालतो ना?’

मैदा! मैदा काय झाडाला लागतो? ग्लूटेन-फ्री स्वयंपाकाचा धंदा करणारा माणूस हे विचारतो! मी गप्प झाले तसा तो हसला, ‘गंमत केली ओ, नवीन पोरांना आम्ही हेच विचारून तपासतो.’ फोन तिथंच ठेवायला हवा होता. पण दारात गॅसवाला उभा, दुसऱ्या फोनवर बहीण ‘जेवणाचं पक्कं झालं का’ विचारत होती, आणि १०,८६५ रुपये आधीच गेले होते. ते गेलेले पैसेच माणसाला पुढचे द्यायला लावतात. रात्री जाग आली की अजून ते ‘गंमत केली ओ’ कानात वाजतं.

खोकं ट्रॅव्हल्सच्या गाडीने साताऱ्यात आलं, आम्ही ते तसंच गाडीत टाकलं. ‘वेगळी भांडी’ म्हणजे कागदी प्लेटा. पाकिटांवर हिरव्या रंगाचे छान स्टिकर. पहिल्या सकाळी उपमा झाला, भाचीने चार-पाच घास खाल्ले, आणि व्हीगन पोराने पाकीट उलटून नखाने स्टिकर खरवडला. खाली मूळ छापील लेबल होतं: भाजलेला गव्हाचा रवा. सूपच्या पाकिटाखाली दूध पावडर. ‘मिलेट नूडल्स’ म्हणजे सरळ मैद्याच्या नूडल्स. कुठल्याही किराणा दुकानात मिळणारा माल, फार तर दीड-दोन हजारांचा. भाचीला दुपारपासून मुरडा आणि उलट्या. दुसऱ्या दिवसाचं सगळं सोडून सकाळीच आम्ही साताऱ्याला परतलो.

निघण्याच्या आदल्या रात्री बाकीच्यांना जेवू घातलं गावातल्या एका मावशींनी. तांदळाची भाकरी, वरणभात, शेंगदाण्याची चटणी. तूप वरून घ्यायचं ज्याने त्याने. ना गहू, ना दूध. अकरा जणांचे त्यांनी १,१०० घेतले, तेही ‘जास्त झाले का’ विचारत. म्हणजे ज्याला ‘स्पेशल मेनू’ म्हणून मी ६५० मोजत होते, ते आपलं रोजचंच जेवण. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी, राजगिरा, सगळ्या डाळी, पोहे, शेंगदाणे, गूळ यांत ग्लूटेन मुळात नसतंच. खिचडीचे तांदूळ-डाळ घरून मोजून न्या, गुळ-शेंगदाण्याचे लाडू न्या, झालं. सांभाळायचं ते भलत्याच ठिकाणी असतं. डबीतल्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं. मेतकूट आणि थालीपिठाच्या भाजणीत अनेक घरांत गहू घालतात. सोया सॉसमध्येही बऱ्याचदा गहू असतो. आणि गिरणीत आधी गहू दळलेला असेल तर तुमचं ज्वारीचं पीठही गेलं.

आता साहेबलोकांचं ऐका.

पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य: ‘माल मिळाला ना मॅडम? मग फसवणूक कुठं झाली?’ खोटा माल मिळाला म्हटलं, तर ही दिवाणी बाब. आजारपणाचं सांगितलं, तर ‘तुम्ही खाल्लं कुठं? बामणोलीला? मग हद्द आमची नाही.’ १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द न बघता घ्यावी लागते, हे मी घरून वाचून गेले होते. सांगितल्यावर साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की चोर मीच. एकाने तर काळजीने विचारलं, ‘म्हणजे नेमकं काय हवं होतं तुम्हाला, उपवासाचं?’

बँकेत: ‘पिन तुम्हीच टाकलाय.’ टाकलाय! जेवणाचे पैसे पिन न टाकता कसे देतात, ते शिकवा मग.

आणि कळस म्हणजे अन्नाचा कारभार पाहणारं कार्यालय. मी स्टिकर खरवडलेली पाकिटं पिशवीतून घेऊन गेले. म्हणे पाकिटं फोडलेली आहेत, हा नमुना धरता येत नाही, नमुना आमचा अधिकारी विक्रेत्याच्या जागेवरून घेतो. बरं, घ्या. ‘विक्रेत्याचा पत्ता द्या.’ अहो, पत्ता असता तर मी तुमच्या बाकड्यावर बसले असते का? ग्लूटेन-फ्री लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही, हा नियम याच देशात आहे. व्हीगन अन्नासाठी २०२२ चे वेगळे नियम आहेत, हिरव्या रंगातलं चिन्हही ठरवून दिलंय. नियम छापणारे वेगळे, आणि पाकीट हातात घेऊन आलेल्या बाईला परत पाठवणारे वेगळे.

त्याच्या कार्डावर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, परवाना नंबर होता. घरी येऊन मोजला, तेरा आकडे. खरा नंबर चौदा आकडी असतो आणि त्यांच्याच फॉसकॉस या साइटवर टाकला की कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. कार्डावरचे आकडे मोजत कोण बसतं? तुम्ही बसा. डिपॉझिट मागितलं की व्यवहार संपला समजा. पैसे गेल्याचं कळताच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन करा, लवकर केला तर पुढच्या खात्यात जायच्या आधी रक्कम अडवता येते. मी केला तेव्हा आठवडा उलटला होता, कारण खोकं उघडेपर्यंत आपण फसलोय हेच माहीत नव्हतं. ग्राहकांसाठी १९१५ आहे. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क नाही, पण तिथंही समोरच्याचा पत्ता लागतोच. आणि स्टिकर दिसला की आधी नखाने खरवडा, मग चूल पेटवा.

त्याचं इन्स्टाग्रामवरचं ते पान बंद झालं होतं. परवा भाचीने नवं शोधून पाठवलं. नाव वेगळं, नंबर वेगळा, फोटो मात्र तोच: केळीच्या पानावर नाचणीची भाकरी, उजवीकडे तुकडा मोडलेला, मागे निळा तंबू. दिसला तर पैसे पाठवू नका. दर वाढवलाय त्याने, माणशी ७२०.