३, ६, २० एमजी म्हणजे नक्की किती सिगारेटी? काही महिने वापरून झाल्यावर

सिगारेट सोडून व्हेपवर, म्हणजे निकोटीनचं लिक्विड तापवून वाफ ओढायच्या ई-सिगारेटवर, येऊन बरेच महिने झालेत. आधी मोठा टँकवाला (लिक्विडची मोठी टाकी असलेला) डिव्हाइस आणि ३ एमजीचं लिक्विड, मग छोटा पॉड (खिशात मावणारा, कमी वाफेचा डिव्हाइस) आणि २० एमजीचं सॉल्ट (अॅसिड मिसळलेल्या निकोटीनचं लिक्विड), दोन्ही मनसोक्त वापरून झालं म्हणून लिहितोय. फ्लेवर, बॅटरी यावर सगळेच लिहितात, मी फक्त निकोटीनच्या आकड्यावर बोलणार कारण खरा घोळ तिथेच आहे.

बाटलीवर २० एमजी असतं ते दर एमएलला, म्हणजे २ टक्के. कुठे एमजी छापतात कुठे टक्के, आणि ५ टक्के वाचून किरकोळ वाटतं पण ते जवळपास ५० एमजी झालं! युरोपात २० च्या वर विकायलाच परवानगी नाही यावरून काय ते समजा. आता एका सिगारेटच्या तंबाखूत निकोटीन साधारण १० ते १२ एमजी असतं, पण बरंचसं जळून जातं, नुसत्या धुरात उडतं, थोटकात राहतं आणि अंगात जातं ते १ ते दीड एमजीच्या आसपास. म्हणून "२० एमजी म्हणजे २० सिगारेटी" आणि "२० एमजी म्हणजे दोनच सिगारेटी" हे दोन्ही हिशोब गंडलेले.

बघायचं ते दिवसाला किती एमएल संपतं हे. मोठ्या टँकला कमी ओहमची कॉइल (लिक्विड तापवणारी तार), एका झुरक्यात खोली भरेल एवढी वाफ, त्यात ३ चं १० एमएल दिवसात सहज उडतं, झाले ३० एमजी. पॉडमध्ये २० चं दीड एमएल, तेही ३०च. यातलं सगळं काही रक्तात जात नाही, थोडं वाफेबरोबर बाहेर पडतं, पण मुद्दा कळला असेल. त्यामुळे "मी तर फक्त ३ वर आहे" असं कोणी छाती फुगवून सांगितलं की मला हसू येतं.

घशावर तर अजिबात विश्वास ठेवू नका. साधं फ्रीबेस (अॅसिड न मिसळलेलं) निकोटीन १२-१८ ला गेलं की घसा खरवडतं, खोकला येतो, माणूस आपोआप थांबतो. सॉल्टमध्ये बहुतेकदा बेन्झोइक अॅसिड असतं, त्याने पीएच खाली येतो आणि २० सुद्धा लोण्यासारखं उतरतं. मला आधी उचकी लागते, मग मळमळ आणि डोकं गरगरतं, तोवर जास्त झालेलं असतं. आणि सॉल्टचं २० मोठ्या टँकमध्ये कृपा करून घालू नका.

उलट बाजूही आहे, आकडा खाली आणला म्हणजे निकोटीन कमी झालं असं नाही, कारण तलफ आपला कोटा वसूल करतेच, कश लांबतात आणि वाढतात. लाइट सिगारेटचं हेच व्हायचं, फिल्टरच्या कडेला बारीक भोकं, मशीनवर मोजलं की आकडा कमी, पण ओढणारा बोटांनी भोकं झाकतो आणि जोरात ओढतो, झालं.

माझी सगळ्यात मोठी तक्रार वेगळीच आहे. सिगारेट फिल्टरपर्यंत आली की संपते, उठून दुसरी पेटवावी लागते. पॉडला शेवटच नाही. लॅपटॉपसमोर बसलं की हात आपोआप जातो, निकोटीन अर्धं उतरायला साधारण दोन तास लागतात आणि आपण दर दहा मिनिटांनी वर भर टाकतोय. आता सकाळी पॉडच्या बाजूने मार्करने रेघ मारतो, त्या दिवशी लिक्विड त्या रेघेखाली जाऊ द्यायचं नाही. कश मोजायच्या भानगडीपेक्षा हे बरं चाललंय.

धूर, टार, कार्बन मोनॉक्साइड गेलं हे खरं, जिना चढताना फरक कळतो. व्यसन मात्र जसंच्या तसं, सकाळची पहिली तलफ तेवढीच कडक, त्यामुळे जो सिगारेट ओढतच नाही त्याने या वाटेला जायचं काही कारण नाही.

सध्या त्याच फ्लेवरचं २० आणि १० समसमान मिसळून १५ करतोय, रेघ तिथेच ठेवून. रेघ पाळून १५ जमलं तर पुढे नुसतं १०. आणि हो, मिसळताना हाताला लागलं तर लगेच धुवा, ते कातडीतूनही आत जातं, आणि बाटली पोरांच्या हाताला लागेल अशी अजिबात ठेवू नका.