प्रत्यक्षदर्शीचा मोबाइल की वार्ताहराची पडताळणी?

घटना घडते तेव्हा तिथे बहुतेकदा वार्ताहर नसतो, रस्त्यावरचा माणूस असतो. मे २०२० मध्ये अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात पोलिसाने मानेवर गुडघा दाबून धरल्याने जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा मृत्यू झाला, पण पोलिसांच्या पहिल्या निवेदनात त्या गुडघ्याचा उल्लेखही नव्हता. एका १७ वर्षांच्या मुलीच्या मोबाइल चित्रणाने सत्य जगापुढे आणलं. २०२१ मध्ये पत्रकारितेचे मानाचे पुरस्कार देणाऱ्या पुलित्झर मंडळाने तिचा विशेष गौरव केला, तो रास्तच.

पण क्लिप म्हणजे बातमी नव्हे. जुन्या पुराचा व्हिडिओ आजचा म्हणून फिरतो, तेव्हा सावल्या, पाट्या, त्या दिवसाचं हवामान ताडून पाहणं, दुसरी बाजू विचारणं आणि चुकल्यास दुरुस्ती छापणं हे वार्ताहराचं काम. इथे माझा कौल त्याच्याच बाजूने. मात्र नागरिकांची चित्रणं विनापरवानगी, श्रेय न देता वापरणं मला अजिबात पटत नाही.