थ्रेडसॅनिटायझर: सात महिने रोज वापरल्यानंतर

आमचा प्रोग्राम सी प्लस प्लसमधला आहे. सतत चालणारा सर्व्हर, एका वेळी तीसेक थ्रेड (एकाच प्रोग्रामात समांतर चालणारी कामं). दोन-तीन आठवड्यांतून एकदा तो पडायचा. कोअर डंप (पडतानाच्या मेमरीची नक्कल) उघडला की दर वेळी वेगळीच जागा: कधी मॅपमध्ये शोधताना, कधी स्ट्रिंगची मेमरी सोडताना. डीबगरखाली चालवला की काहीच व्हायचं नाही. कुठंतरी पाणी मुरतंय हे सगळ्यांना दिसत होतं, पण कुठं हे कुणालाच सांगता येत नव्हतं. याच वैतागातून मी थ्रेडसॅनिटायझर (थोडक्यात टीसॅन) लावला: दोन थ्रेड एकाच मेमरीला ताळमेळाशिवाय हात लावतात, म्हणजे ‘डेटा रेस’ होते, ती प्रोग्राम चालताना पकडणारं टूल. आता सात महिने झाले, म्हणून सविस्तर लिहिते.

लावणं सोपं आहे. क्लँग कंपायलरमध्ये तो ३.२ पासून आहे, जीसीसी कंपायलरमध्ये ४.८ पासून. ‘-एफसॅनिटाइझ=थ्रेड’ हा फ्लॅग कंपाइल करताना आणि लिंक करताना, दोन्ही वेळा द्यायचा. सोबत ‘-जी’ म्हणजे रिपोर्टमध्ये फाइल आणि ओळ दिसते, आणि किमान ‘-ओ१’ इतकं ऑप्टिमायझेशन, नाहीतर वेग फारच पडतो. कोडला हात लावावा लागत नाही. आमच्याकडे पहिल्याच दिवशी ‘अनएक्स्पेक्टेड मेमरी मॅपिंग’ असं सांगून प्रोग्राम सुरू व्हायच्या आधीच थांबला. टूलला आपल्या शॅडो मेमरीसाठी (ॲक्सेसच्या नोंदी ठेवायच्या जागेसाठी) पत्त्यांचे ठरावीक पट्टे मोकळे लागतात आणि नवे लिनक्स कर्नल पत्ते जास्त इकडेतिकडे टाकतात. कर्नलची ‘व्हीएम.एमएमॅप_आरएनडी_बिट्स’ ही सेटिंग ३२ वरून २८ केली आणि गाडी सुरू झाली.

पहिल्या रनमध्ये रिपोर्टांचा ढीग पडला. त्यातला एक मी अजून जपून ठेवलाय. वर लिहिलेलं: थ्रेड ७ कडून ८ बाइटचं लेखन. खाली: थ्रेड ३ कडून त्याच पत्त्यावरचं आधीचं वाचन. दोन्हींचे पूर्ण स्टॅक (कोणत्या फंक्शनांतून तिथं पोचलो त्याची यादी), आणि ती मेमरी कुठं घेतली त्याचाही स्टॅक. दोन्ही ठिकाणी उघडून बघितलं तर लॉक व्यवस्थित घेतलेला. माझा पहिला विचार हाच की टूल चुकतंय. मग रिपोर्टच्या त्याच ओळींत बारीक लिहिलेलं दिसलं: लेखनाच्या वेळी हातात म्यूटेक्स (लॉक) एम१२, वाचनाच्या वेळी एम१९. प्रत्येक सेशनचा आपापला म्यूटेक्स होता, आणि सगळ्या सेशनांचा मॅप मात्र एकच. कुलूप दोघांनीही लावलं होतं, पण वेगवेगळ्या दारांना. हा कोड तीन जणांनी तपासून पास केला होता, त्यात मीही होते. लॉक-गार्डची, म्हणजे लॉक घेणारी ओळ दिसली की डोळा पुढं सरकतो. दुरुस्ती चार ओळींची झाली, आणि तेव्हापासून ते मॅपमधलं पडणं थांबलं.

दोन-तीन आठवड्यांतून एकदा होणारी टक्कर पहिल्याच रनमध्ये कशी सापडली, याचं उत्तर टूलच्या पद्धतीत आहे. कंपायलर मेमरीच्या प्रत्येक वाचन-लेखनाशेजारी एक छोटा कॉल टाकतो. रनटाइम दर ८ बाइटमागे शेवटचे काही ॲक्सेस लक्षात ठेवतो: कोणत्या थ्रेडने, त्याच्या घड्याळाप्रमाणे कधी, वाचलं की लिहिलं. म्यूटेक्स सोडणं आणि घेणं, थ्रेड सुरू करणं आणि जॉइन करणं, ॲटॉमिकचं (थ्रेडांमध्ये सुरक्षितपणे वाचता-लिहिता येणाऱ्या व्हेरिएबलचं) रिलीज करत लिहिणं आणि अक्वायर करत वाचणं, यांतून थ्रेडांमध्ये ‘हे आधी, ते नंतर’ असं नातं तयार होतं. एकाच जागेवर दोघांचे ॲक्सेस, त्यातलं निदान एक लेखन, आणि मध्ये असं नातं नाही, की रिपोर्ट. म्हणजे प्रत्यक्ष टक्कर होण्याची वाट बघावी लागत नाही.

पण याच पद्धतीमुळे आमचा एक आठवडा गेला. एक रेस नक्की आहे असं वाटत होतं, म्हणून सविस्तर लॉगिंग चालू करून चालवलं, तर रिपोर्ट गायब. लॉगिंग बंद केलं की परत हजर. शेवटी लक्षात आलं की लॉगरच्या आत एक म्यूटेक्स आहे. एका थ्रेडने तो सोडला, दुसऱ्याने घेतला, की त्या दोघांमध्ये आधी-नंतरचं नातं आपोआप जुळतं आणि टूलच्या दृष्टीने सगळं रीतसर होतं. तेव्हापासून टीसॅनचे रन आम्ही लॉगिंग कमीत कमी ठेवूनच करतो.

सगळ्यात जास्त वाद झाला तो ‘ही रेस निरुपद्रवी आहे’ या वाक्यावर. थांबण्यासाठी एक साधा बूल होता: एक थ्रेड खरं करणार, दुसरा लूपमध्ये बघत राहणार. ‘अहो, एक बाइट तर आहे, अर्धवट काय वाचलं जाणार?’ असं म्हणणाऱ्यांना मी ‘-ओ२’ लावून निघालेला असेंब्ली कोड दाखवला. कंपायलरने ते वाचन लूपच्या बाहेर नेलं होतं, लूप कधीच संपणार नव्हता. सी प्लस प्लस ११ पासून डेटा रेस म्हणजे अनडिफाइन्ड बिहेवियर (काय होईल याची भाषा हमी देत नाही), कंपायलरला ती मोकळीक आहेच. व्हेरिएबलला व्होलटाइल हा शब्द लावूनही भागत नाही, कारण त्याने थ्रेडांमधला क्रम ठरत नाही; एक्स८६ प्रोसेसरवर निभावतं आणि एआरएमवर फसतं. तिथं ॲटॉमिकच हवा.

मात्र ॲटॉमिक लावला की टूल गप्प बसतं, याचा अर्थ कोड बरोबर झाला असा नाही. एका सहकाऱ्याने शिल्लक कोट्याचा आकडा ॲटॉमिक केला. आधी तपासायचं, मग वजा करायचं, ही दोन पावलं वेगळीच राहिली. रिपोर्ट शून्य, आणि कोटा तरीही उण्यात जात होता. अशी चूक टीसॅनला दिसत नाही.

चाललेला कोडच त्याला दिसतो, हीही मर्यादा. आमचे निम्मे रिपोर्ट प्रोग्राम बंद होतानाचे निघाले, तेही बंद करण्याच्या टेस्ट नंतर मुद्दाम लिहिल्या म्हणून. त्यात ‘डेटा रेस ऑन व्हीपीटीआर’ (ऑब्जेक्टची व्हर्च्युअल फंक्शनं कुठली ते सांगणाऱ्या पॉइंटरवरची रेस) असा एक होता: बेस क्लासच्या डिस्ट्रक्टरमध्ये थ्रेड जॉइन होत होता, तोवर डिराइव्हड भाग मोडून झालेला, आणि तो थ्रेड अजून व्हर्च्युअल फंक्शन बोलावत होता.

खर्च मोठा आहे. कागदपत्रांत प्रोग्राम ५ ते १५ पट हळू आणि मेमरी ५ ते १० पट जास्त असं दिलंय, आणि आमचा अनुभव त्याच टापूतला आहे. टाइमआउटवर बेतलेल्या टेस्ट धडाधड पडल्या, त्यांच्या मुदती वाढवाव्या लागल्या. ॲड्रेससॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारं भावंड टूल) याच बिल्डमध्ये घालता येत नाही, त्याची वेगळी बिल्ड ठेवावी लागते. रिपोर्ट आला की एक्झिट कोड ६६ मिळतो, म्हणून रात्रीचा रन आपोआप लाल होतो. जुन्या ॲक्सेसचा स्टॅक ‘रिस्टोअर करता आला नाही’ असं आलं तर ‘हिस्टरी_साइझ’ हा टूलचा पर्याय वाढवायचा, ७ पर्यंत जातो.

खोटे रिपोर्ट येतात का? आमच्याकडे आले ते दोनच कारणांनी. एक, या फ्लॅगशिवाय बांधलेली लायब्ररी, जिच्या आतलं सिंक्रोनायझेशन टूलला दिसत नाही. दुसरं, सुट्या फेन्सवर (मेमरीचा क्रम राखणाऱ्या वेगळ्या सूचनांवर) उभा असलेला कोड. ॲटॉमिक-थ्रेड-फेन्स टीसॅनला समजत नाही, नवा जीसीसी तशी वॉर्निंगही देतो. बाकी जिथं जिथं मी टूलशी भांडले, तिथं चूक आमच्या कोडची निघाली.

सप्रेशन फाइलमध्ये (कोणते रिपोर्ट दाखवू नयेत त्याच्या यादीत) एके काळी आमच्या अकरा ओळी होत्या. प्रत्येक ओळीवर कारण लिहायचंच असा नियम केला आणि कारणं लिहिता लिहिता आठ ओळी खऱ्या रेस निघाल्या. उरलेल्या तीनपैकी दोन त्या फ्लॅगशिवाय बांधलेल्या लायब्ररीच्या आहेत. तिसरी फेन्सवाल्या क्यूची आहे, ती क्यू मी सध्या रिलीज-अक्वायरवर आणतेय.