रूम ही अँड्रॉइड डेटाबेस लायब्ररी वापरल्यानंतर: डेटाबेस कनेक्शन उघडंच ठेवलं, ते बरं झालं

आम्ही सांभाळतो ते अँड्रॉइड ॲप दुकानोदुकानी फिरणाऱ्या विक्री प्रतिनिधींचं. रेंज नसली तरी ऑर्डर घेता आली पाहिजे, म्हणून सगळं आधी फोनमधल्या एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये जातं, आणि मग सर्व्हरशी सिंक होतं. आमच्याकडे आलेल्या जुन्या कोडमध्ये प्रत्येक फंक्शन डेटाबेस उघडायचं, लिहायचं आणि बंद करायचं. दिसायला अगदी शिस्तीचं. पण डेटाबेस उघडून देणारा अँड्रॉइडचा क्लास, एसक्यूलाइट-ओपन-हेल्पर, सगळ्यांना एकच ऑब्जेक्ट देतो. मागे सिंक चालू असताना एखाद्या स्क्रीनने क्लोज म्हटलं, की सिंकच्या हातातला डेटाबेसही गेला. क्रॅश रिपोर्टमध्ये ओळ ठरलेली: 'ॲटेम्प्ट टू री-ओपन ॲन ऑलरेडी-क्लोज्ड ऑब्जेक्ट', म्हणजे बंद झालेलंच पुन्हा वापरायचा प्रयत्न.

गुगलने २०१७ मध्ये आणलेल्या, एसक्यूलाइटवरच चालणाऱ्या रूमवर सगळं हलवलं, आणि अख्ख्या प्रोसेसला (चालू ॲपला) डेटाबेसचा एकच इन्स्टन्स ठेवला. बॅकअप सोडला तर तो बंद करतच नाही. स्क्रीन संपताना चालणाऱ्या ऑन-डिस्ट्रॉयमध्येही नाही, कारण सिस्टिमने प्रोसेस मारली तर ते हमखास चालेलच असं नाही. प्रोसेस गेली की उघड्या फाइली कर्नल मोकळ्या करतो आणि कमिट झालेली ऑर्डर जागेवर राहते. त्या ओळीचा क्रॅश तेव्हापासून दिसलेला नाही.

कर्सर, म्हणजे क्वेरीचे निकाल ओळीओळीने वाचायची साधनं, मात्र बंद करायलाच हवेत. साध्या क्वेरींचे रूमच करतं, पण डीएओमधून (क्वेरी लिहायच्या इंटरफेसमधून) कर्सर थेट मागितला तर जबाबदारी आपली. डिबग बिल्डमध्ये स्ट्रिक्ट मोड ही अँड्रॉइडची चुका पकडणारी सोय चालू ठेवा, बंद न केलेल्या कर्सरची गळती कळते.

खरी काळजी बॅकअपला. बहुतेक फोनवर रूम वॅल (राइट-अहेड लॉग) मोडमध्ये चालतं, म्हणजे ताज्या नोंदी आधी शेजारच्या '-वॅल' फाइलमध्ये पडतात. नुसती मुख्य फाइल कॉपी केली तर सकाळच्या ऑर्डरी बॅकअपमधून गायब, आणि चूक कळते ती रिस्टोअर केल्यावर! आम्ही आधी सिंक थांबवतो, मग क्लोज करतो. शेवटचं कनेक्शन नीट बंद झालं की चेकपॉइंट होऊन सगळं मुख्य फाइलमध्ये येतं, त्यानंतरच कॉपी. रिस्टोअरनंतर नवा इन्स्टन्स बांधावा लागतो, पण स्क्रीनला डेटा पुरवत राहणारे फ्लो जुन्यालाच चिकटून राहतात. त्यापेक्षा ॲपच नव्याने सुरू करणं सोपं पडलं.

रूम २.३ पासून ऑटो-क्लोज टाइमआउट आहे, म्हणजे काही वेळ वापर नसला की डेटाबेस आपोआप बंद होतो. आपोआप बंद होताना टेम्पररी टेबलं पुसली जातात. आमच्या सिंकचा निम्मा भार त्यांच्यावर, त्यामुळे तो पर्याय आमच्या कामाचा नाही.